लाल, पिवळा, दोन पिवळे, हिरवा

(दृश्य: लोकल मार्गावरचा सिग्नलचा खांब, जवळून)

मुंबईच्या लोकल मार्गावरचा हा चार दिव्यांचा सिग्नल. तळाला लाल, त्यावर पिवळा, मग हिरवा आणि टोकाला पुन्हा पिवळा. लाल तळाला, कारण तिथे तो मोटरमनच्या नजरेच्या रेषेत येतो. दोन पिवळ्यांच्या मध्ये हिरवा घातला आहे, तोही उगाच नाही. दोन्ही पिवळे शेजारी असते, तर लांबून त्यांचा एकच ठिपका दिसला असता.

समजा, पुढे एक लोकल उभी आहे. तिच्या मागचा सिग्नल लाल. त्याच्या मागचा एक पिवळा, म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने या. त्याच्या मागचा दोन पिवळे, म्हणजे वेग आवरायला लागा. त्याच्याही मागे हिरवा. भरधाव गाडीला थांबायला शेकडो मीटर लागतात. नुसता लाल दिसून भागत नाही, तो येणार हे आधी कळावं लागतं.

(दृश्य: रूळ, खडी, रुळाला जोडलेल्या तारा)

पुढे गाडी आहे हे सिग्नलला कळतं कसं? अनेक ठिकाणी रुळांतूनच. दोन्ही रुळांत हलका विद्युतप्रवाह सोडलेला असतो आणि तो पलीकडच्या टोकाला एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, उचलून धरतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन रूळ जोडतात, प्रवाह मधूनच परत फिरतो, रिले खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली, वीज गेली, तरी रिले पडतोच. बिघाड झाला तर तो लालच्या बाजूनं व्हावा, अशी ही रचना आहे.

पावसाळ्यात लोकल का रखडतात, याचं एक कारण इथेच सापडतं. पाणी खडीवर चढलं की प्रवाह एका रुळातून दुसऱ्यात झिरपतो. गाडी नसतानाही रिले पडतो. प्रवासी वैतागतात, पण यंत्रणेनं शंकेचा फायदा लालला दिलेला असतो, आणि ते योग्यच आहे.

(दृश्य: खांबावरची पांढरी चकती, त्यावर काळं ‘ए’)

ही चकती असेल, तर तो स्वयंचलित सिग्नल. तो लाल असला तर मोटरमन गाडी थांबवतो. दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं वाट पाहतो. तरीही लालच राहिला, तर शिट्टी देऊन अतिशय सावधपणे पुढे निघतो. समोरचं स्वच्छ दिसत असलं तरी वेग ताशी 15 किलोमीटरच्या आत. पुढे गाडी दिसली तर तिच्यापासून किमान 150 मीटर मागे थांबायचं. यात एक चूक जिवावर बेतू शकते: समोरचा सिग्नल हिरवा दिसला म्हणून वेग वाढवणं. तो हिरवा त्याच्या पलीकडच्या सेक्शनबद्दल, म्हणजे दोन सिग्नलमधल्या रुळाच्या तुकड्याबद्दल, सांगतो. मधल्या सेक्शनबद्दल तो काहीच सांगत नाही.

चकती नसलेला लाल सिग्नल मात्र अधिकृत परवानगीशिवाय ओलांडता येत नाही. आणि जिथे सिग्नल असायला हवा तिथे दिवाच पेटलेला नसेल, तर? तोही थांबण्याचाच इशारा धरायचा.

(दृश्य: एक्स्प्रेसचा शेवटचा डबा)

आता गाडीचे स्वतःचे दिवे. मागचा लुकलुकणारा लाल दिवा मागून येणाऱ्या गाडीसाठी आहेच, पण स्टेशन मास्तरसाठीही आहे. शेवटच्या डब्यावरची ‘एलव्ही’ची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी किंवा रात्री हा दिवा दिसला, की गाडी अख्खी आली. दिसला नाही, तर कपलिंग, म्हणजे डब्यांमधली जोडणी, तुटून काही डबे मागे राहिल्याची शक्यता. मग खात्री होईपर्यंत त्या सेक्शनमध्ये दुसरी गाडी सोडायची नाही.

इंजिनाच्या पुढचा पिवळट फ्लॅशर, म्हणजे लुकलुकणारा दिवा, लागलेला दिसला, तर समोरून येणाऱ्या लोको पायलटनं (इंजिनचालकानं) आपली गाडी ताबडतोब आवरायची. घसरलेला डबा शेजारच्या रुळावर आडवा आलेला असू शकतो.

आणि दिवे पोहोचत नाहीत तिथे आवाज. ब्रॉडगेजवर अडथळ्यापासून 600 मीटरवर एक फटाका, 1200 मीटरवर तीन, एकमेकांपासून साधारण दहा मीटरवर. रुळाला बांधलेले हे फटाके चाकाखाली फुटतात. धुकं असो वा मुसळधार पाऊस, लोको पायलटला ते ऐकू जातात.