नंबर न पडलेली गाडी

नमस्कार, श्रोतेहो. दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर शोरूममधून बाहेर पडलेली नवी गाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. पुढे झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक आणि नंबरप्लेटच्या जागी कोरा पत्रा. पासिंग व्हायचे आहे, नंबर काय पडेलच, असे म्हणत तीच गाडी पुढे महिना-दोन महिने गावभर फिरते. हा गुन्हा आहे, आणि गाडी स्वतःची नसली तरी चालवणारा त्यातून सुटत नाही, हेच मला आज सांगायचे आहे.

मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 39 नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर चालवणाऱ्याला जसे लागू आहे, तसेच ती चालवू देणाऱ्या मालकालाही आहे. ‘गाडी मित्राची, मला काय ठाऊक?’ ही सबब मला कधीच पटलेली नाही. किल्ली हातात घेऊन गाडीभोवती फेरी मारणाऱ्याला कोरी पाटी दिसतेच. कलम 192 प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला 2,000 ते 5,000 रुपये दंड होतो. पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा 5,000 ते 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

दंड भरून माणूस मोकळा होतो. विम्याचे तसे नाही. एका गृहस्थांच्या नव्या बोलेरोची तात्पुरती नोंदणी जुलै 2011 मध्ये संपली होती. तरीही ते ती घेऊन कामासाठी जोधपूरला गेले आणि रात्री अतिथिगृहाबाहेरून गाडी चोरीला गेली. विमा चालू होता, तरी सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये त्यांचा दावा नाकारला.

पुण्यात कल्याणीनगरला 19 मे 2024 च्या पहाटे ज्या पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तिची कायम नोंदणी झालेली नव्हती. विजेवरची गाडी असल्याने रस्ताकर माफ होता; भरायचे राहिले होते ते 1,758 रुपये. हा आकडा वाचला त्या दिवसापासून तो माझ्या मनातून गेलेला नाही.

धडक देऊन पळालेल्या गाडीचा माग बहुधा नंबरावरूनच लागतो. तो न लागल्यास मृताच्या घरच्यांना सरकारी योजनेतून 2 लाख रुपये मिळतात, आणि धडक देणारा कोण हे त्यांना कधी कळत नाही.

कायद्याने एक सवलत ठेवली आहे. आजारी किंवा जखमी माणसाला तातडीने नेण्यासाठी, अथवा संकटात अन्न वा औषधे पोहोचवण्यासाठी अशी गाडी वापरली, तर शिक्षा नाही. मात्र सात दिवसांच्या आत तसे प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला कळवावे लागते.