कापलेला कर आपल्या नावावर जमा आहे का?

नमस्कार श्रोतेहो.

आज गौरी जेवणार. पुरणपोळीच्या पानात कारलं वाढावं, तसा मी आज कराचा विषय घेऊन आलोय. पण इलाज नाही. सहा तारखेला अनंत चतुर्दशी, आणि त्यानंतर बरोबर नऊ दिवसांनी, सोमवारी १५ सप्टेंबर २०२५ ला, प्राप्तिकराचं रिटर्न भरायची मुदत संपते. एरवी ही तारीख ३१ जुलै असते. यंदा ती पुढे गेली, आणि पुढे गेलेल्या तारखेचं जे होतं तेच झालं. जुलैत येणारी मंडळी ऑगस्टमध्येही आली नाहीत. ती आता विसर्जनाचा गुलाल धुऊन येणार.

मागच्या वर्षीची गोष्ट सांगतो. जून महिना होता. माझ्या ऑफिसात एक बाई आल्या. त्यांनीच मला तिसरीत पाढे शिकवले. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. हातात कापडी पिशवी, पिशवीत रबरबँड लावलेली पासबुकं. बसायच्या आधीच म्हणाल्या, "अरे, बँकेनं माझ्या व्याजातून आठ हजार कापले. म्हणजे कर भरला ना मी? मग आता रिटर्न कसलं भरायचं?"

श्रोतेहो, हा समज फक्त बाईंचा नाही. 'कापला म्हणजे विषय मिटला' असं मोठमोठे पगारदारही म्हणतात. पण कापलेला कर, म्हणजे टीडीएस, हा अंदाजाचा मामला आहे. बँकेला तिच्याकडच्या ठेवीचं व्याज तेवढं ठाऊक असतं. तुमचं बाकीचं उत्पन्न किती, तुम्हाला कर लागतो की नाही, हे तिला माहीत नसतं. बाईंची पेन्शन वर्षाला ४ लाख २० हजार, ठेवीचं व्याज ८० हजार. एकूण पाच लाख. नवीन करप्रणालीत एवढ्या उत्पन्नावर रिबेट, म्हणजे करातली सूट, धरून कर शून्य. बँकेनं मात्र नियमाप्रमाणे १० टक्क्यांनी आठ हजार कापून सरकारकडे भरलेले. ते पैसे बाईंचेच. पण मागितल्याशिवाय ते परत येत नाहीत, आणि मागायची जागा म्हणजे रिटर्न.

म्हटलं, बाई, पाच मिनिटांचं काम. प्राप्तिकर खात्याचं पोर्टल उघडलं, त्यांचा २६एएस काढला. २६एएस म्हणजे सरकारच्या वहीतलं तुमच्या नावाचं पान. कुणी, कधी, किती कर कापून तुमच्या नावावर जमा केला, ते त्यात असतं. बाईंचं पान कोरं! आठ हजार सोडा, आठ रुपयेही नाहीत.

मग बँकेकडून फॉर्म १६ए, म्हणजे कर कापल्याचा दाखला, मागवला. त्यावर नाव बाईंचं, रक्कम बरोबर, आणि पॅन? पॅनमध्ये दहा खुणा असतात. आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर. चौथं अक्षर व्यक्तीसाठी 'पी', पाचवं आडनावाचं पहिलं. बाईंच्या पॅनचं दुसरं अक्षर 'बी'. बँकेत कुणीतरी ते 'डी' वाचलं होतं. एवढंच. तसा पॅन दुसऱ्या कुणाचा तरी असणार, त्यामुळे संगणकानंही हरकत घेतली नाही. बाईंचे पैसे वर्षभर, चारही तिमाहींत, एका अनोळखी माणसाच्या पानावर जमा होत राहिले.

अशी चूक आपल्याला पोर्टलवर बसून दुरुस्त करता येत नाही. ज्यानं कर कापला, त्यानंच आपलं टीडीएस विवरणपत्र सुधारून द्यायचं असतं. बाईंनी शाळेतल्या सवयीनं लेखी अर्ज केला, पोच घेतली, आणि दर सोमवारी बँकेत जाऊन बसल्या. तीन आठवड्यांत दुरुस्ती झाली. जूनमध्ये आल्या म्हणून जमलं. सप्टेंबरच्या बारा तारखेला आल्या असत्या तर?

म्हणून आज रात्री आरती झाली की एक काम करा. रिटर्न भरू नका, नुसता २६एएस आणि त्याच्या शेजारचा एआयएस, म्हणजे तुमच्या वर्षभराच्या उत्पन्नाची आणि व्यवहारांची सरकारी यादी, उघडून बघा. शिकवणी घेणारे, कन्सल्टिंग करणारे, कमिशनवर काम करणारे, वर्षात नोकरी बदललेले अशा सगळ्यांनी जरूर बघा. हातातला फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, किंवा १६ए आणि पोर्टलवरचा आकडा शेजारी शेजारी ठेवा. जुळला तर उत्तम. नाही जुळला, तर कर कापणाऱ्याला आजच लेखी कळवा. आणि एआयएस बघताना जरा थांबून बघा. बँकेचं व्याज, डिव्हिडंड, शेअर-म्युच्युअल फंडाची विक्री, सगळं तिथं हजर असतं. आपण विसरलेलं बचत खात्याचं २१२ रुपयांचं व्याजसुद्धा! संयुक्त खात्याचं व्याज बहुधा पहिल्या नावावर दिसतं, पैसा कुणाचाही असो. नोंद चुकीची असेल तर तिथंच अभिप्राय देण्याची सोय आहे.

आता एक गोंधळ, जो यंदा मला रोज निस्तरावा लागतोय. "साहेब, बारा लाखांपर्यंत कर नाही ना?" नाही, खरंय. पण ते १ एप्रिल २०२५ पासूनच्या कमाईला. आत्ता आपण रिटर्न भरतोय ते ३१ मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षाचं. त्या वर्षाला नवीन करप्रणालीत रिबेटची मर्यादा सात लाखच आहे. पगारदार आणि पेन्शनरांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट वेगळी. बजेट फेब्रुवारीत ऐकलं, रिटर्न सप्टेंबरमध्ये भरतोय, मधलं वर्ष कुठलं हे लोक विसरतात. मी त्यांना दोष देत नाही. आर्थिक वर्ष २०२४-२५ आणि त्याचंच करनिर्धारण वर्ष २०२५-२६, ही नावं ज्यानं शोधली त्याला माझ्या बाईंच्या वर्गात बसवायला हवं होतं.

ह्या नावांचा घोळ १५ तारखेला पैसे भरताना चांगलाच भोवतो. त्या दिवशी दोन कामं एकत्र येतात. एक, मागच्या वर्षाचा राहिलेला कर. त्याचं चलन करनिर्धारण वर्ष २०२५-२६ चं. दुसरं, चालू वर्षाच्या आगाऊ कराचा दुसरा हप्ता. तोवर वर्षाच्या अंदाजे कराच्या ४५ टक्के भरून झालेला हवा, आणि हे चलन २०२६-२७ चं. यादीत एक ओळ खालीवर झाली की पैसे भरूनही क्रेडिट भलत्याच वर्षात. चलनाची प्रिंट घेऊन वर्ष वाचा, मोठ्यानं वाचा. ज्येष्ठ नागरिकांना धंद्याचं उत्पन्न नसेल तर आगाऊ कर नाही, त्यांनी ह्या भानगडीत पडू नये.

मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. पाच हजार विलंब शुल्क, उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर एक हजार. पण खरा फटका तो नाही. ज्यांना जुनी करप्रणाली फायद्याची आहे, घरकर्जाचं व्याज, विमा, पीपीएफ दाखवायचं आहे, त्यांच्या हातून उशीर झाला की जुनी प्रणाली गेलीच. आणि रिटर्न भरून तीस दिवसांत आधार ओटीपीनं ते पडताळा, नाहीतर भरलेलं न भरल्यासारखं.

एक सूचना जरा कडक आवाजात देतो. काही एजंट फिरतायत. "तुमचा सगळा टीडीएस परत आणून देतो, त्यातले इतके टक्के माझे." हे लोक न दिलेली देणगी, नसलेलं घरभाडं दाखवून रिफंड काढतात. १४ जुलैला प्राप्तिकर खात्यानं देशभरात १५० ठिकाणी ह्याच कारणासाठी छापे घातले, महाराष्ट्रही त्यात होता. एजंट कमिशन घेऊन जातो. नोटीस तुमच्या पॅनवर येते.

आता दुकानदार, कारखानदार मंडळी. तुमच्याकडं क्रेडिट म्हणजे जीएसटीचं इनपुट, खरेदीवर मोजलेला कर आपल्या करातून वजा करून घेणं. वरवर वेगळा विषय, पण दुखणं बाईंचंच. लाखाचा माल घेतला, १८ हजार जीएसटी मोजला, बिल फाइलमध्ये लावलं. पण विकणाऱ्यानं ते बिल आपल्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रात, दाखवलंच नाही, किंवा तुमचा जीएसटी नंबर चुकवला, तर तुमच्या टू-बीमध्ये, म्हणजे मिळणाऱ्या क्रेडिटच्या महिन्याच्या पत्रकात, ते येत नाही आणि क्रेडिट मिळत नाही. टू-बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतो. खरेदीची वही त्याच्याशी ताडून बघा, मगच थ्री-बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरा. आमच्याकडं एमआयडीसीतले एक फॅब्रिकेशनवाले टू-बीत बिल दिसेपर्यंत विक्रेत्याचे १८ हजार रोखून ठेवतात. मूळ रक्कम वेळेवर, कर दिसल्यावर. विक्रेते कुरकुरतात, पण बिल मात्र वेळेवर चढवतात. फार ताणू नका, कारण १८० दिवसांत बिलाचे पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं.

मार्च २०२५ पर्यंतच्या बिलांचं राहिलेलं क्रेडिट घ्यायला ३० नोव्हेंबर ही शेवटची तारीख. पण क्रेडिट थ्री-बीतूनच घ्यायचं, म्हणून ऑक्टोबरचं थ्री-बी ही शेवटची गाडी समजा. त्या आधी दिवाळी येते हे लक्षात असू द्या. फराळात कुणी टू-बी उघडत नाही.

बाईंचं शेवटी काय झालं? रिटर्न जुलैअखेर गेलं. ऑक्टोबरमध्ये त्यांचा फोन आला.

"अरे, आठ हजार दोनशे ऐंशी आलेत. हे वरचे दोनशे ऐंशी कसले?"

म्हटलं, "बाई, सरकारनं तुमचे पैसे वापरले, त्याचं व्याज. महिन्याला अर्धा टक्का, एप्रिलपासून सात महिने."

पलीकडं थोडा वेळ शांतता. बाई गुणाकार करून बघत असणार. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. आणि ह्या व्याजावर कर?"

"लागतो, बाई. पुढच्या रिटर्नमध्ये दाखवायचं."

परवा त्यांचं यंदाचं रिटर्न भरलं. एआयएसमध्ये ती २८० रुपयांची ओळ होती. मी सांगायच्या आधीच बाईंनी त्यावर बोट ठेवलं.

नमस्कार.