चौऱ्याऐंशीचा लेख आणि आपण

मंडळाचे पदाधिकारी आणि मित्रहो,

यंदाच्या सुट्टीत सोलापूरहून पंढरपूरला गेलो असताना माझ्या मुलीने विचारलेला एक प्रश्न परतल्यापासून माझा पिच्छा सोडत नाही. देवळातल्या चौऱ्याऐंशीच्या शिलालेखाला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, असे आजोबांनी मोठ्या भक्तिभावाने सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "पण आजोबा, त्यावर लिहिलंय काय?" सोलापूरच्या माणसाला एखादे उत्तर येत नाही असे सहसा होत नाही, आजोबांनी मात्र चपला कुठे ठेवल्या याची घाईने चौकशी सुरू केली आणि मीही तत्परतेने चपला शोधू लागलो.

त्या लेखात आहे ती देणगीदारांची यादी. १२७३ ते १२७७ या काळात, रामदेवराव यादवांच्या राजवटीत, विठ्ठलाच्या देवळासाठी कोणी काय दिले ते दगडावर कोरून ठेवले आहे. गणेशोत्सवाच्या फलकावर आपले नाव दुसऱ्या ओळीत छापले म्हणून महिनाभर अबोला धरणारे आपण, ती साडेसातशे वर्षांपूर्वीची नावे वाचायची सोडून त्यांना पाठ लावून बाहेर पडतो!

मुलीचा प्रश्न तिथेच थांबत नाही. नामदेव पायरीपाशी आपण फोटो काढतो. पण समोरच चोखोबांची समाधी देवळाच्या बाहेर का आहे, आणि दलितांसाठी ते महाद्वार उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला का बसावे लागले, हे मुलांना सांगताना आपली गाडी चटकन बुक्का, चुरमुरे आणि लाखेच्या बांगड्यांवर घसरते. होळकर वाडा, शिंद्यांचे द्वारकाधीश मंदिर, घाट, वाळवंटातला पुंडलिक यांचे वैभव आपण रंगवून सांगतो. ज्या भीमेच्या काठी हे सारे उभे राहिले, तिच्यात आषाढीच्या स्नानापुरते पाणी उजनीतून सोडावे लागते, तेवढे मात्र सांगायचे राहून जाते.

मंदिराभोवतीच्या प्रस्तावित कॉरिडॉरवरून, म्हणजे बोळ मोकळे करून रुंद मार्ग काढण्याच्या योजनेवरून, सध्या पंढरपुरात वाद पेटला आहे. वारीच्या गर्दीत त्या बोळांतून अंग चोरत चाललेल्या माणसाला रुंद रस्त्याची गरज समजावून सांगावी लागत नाही, आणि इथे बसून तिथल्या रहिवाशांना वारसा जपण्याचे धडे देणे मला शोभणारही नाही. पण याच बोळांतल्या वाड्यांत क्षेत्रोपाध्यायांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्रातल्या पुरोहितांच्या, वह्या आहेत, यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदींच्या. आपल्यापैकी अनेकांच्या पणज्या-खापरपणज्यांची नावे त्यांत असतील. वाडे पडले तर त्या वह्या कोण सांभाळणार? आपले उपाध्ये कोणते, असे मी परवा फोनवर बाबांना विचारले. त्यांना आडनाव आठवेना. ते आत्याला विचारून सांगणार आहेत.