पणजीचा चढ
(लघु माहितीपटासाठी निवेदन)

[दृश्य : पाटो पुलाजवळची पहाट. ओरें खाडीच्या कठड्याला टेकवलेल्या दोन सायकली.]

पणजीत राहायला आल्याला मला बारा वर्षे झाली आणि या बारा वर्षांत पणजी हे सपाट शहर आहे अशीच माझी समजूत होती. दोष शहराचा नाही, स्कूटरचा आहे. मूठ थोडी जास्त पिळली की चढ संपतो, आणि असा संपलेला चढ कोणाच्या लक्षात राहत नाही. पुण्याहून आलेल्या माझ्या मित्राने मात्र पहिल्याच संध्याकाळी चर्चच्या चौकात उभे राहून मान वर केली आणि विचारले, "त्या टेकडीवर रस्ता जातो का?" जातो, असे मी म्हणालो. "मग उद्या सायकली घेऊ."

या शहरात भाड्याची स्कूटर वाटेल त्या कोपऱ्यावर मिळते. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचा क्रमांक दिसला की गाडी भाड्याची, हे गोव्यात लहान मुलालाही ठाऊक असते. भाड्याची सायकल शोधायला मात्र आम्हाला तासभर लागला. शेवटी ज्या दुकानात ती मिळाली, त्याचा मालक मूळचा सावंतवाडीकडचा निघाला. त्याने एक गिअरची आणि एक साधी अशा दोन सायकली बाहेर काढल्या, हवा दाबून पाहिली आणि दोन्ही सायकलींच्या ब्रेकचे रबर कालच बदलले असल्याचे दोनदा सांगितले. गिअरची सायकल पाहुण्याला द्यावी लागली. आतिथ्य कधीकधी पोटऱ्यांना भोगावे लागते.

नोव्हेंबरचा महिना होता. पाऊस ओसरून महिना उलटला होता आणि फोंताइन्हास या जुन्या वस्तीतील घरांना नव्या रंगाचा वास येत होता. पावसाने भिंतींवर शेवाळ चढते, म्हणून पावसाळा संपल्यावर घरे रंगवण्याची येथील जुनी रीत आहे. पिवळा, निळा, तांबडा असे सगळे रंग घरांना चालत. शुभ्र पांढरा मात्र चर्च आणि कपेलांसाठी, म्हणजे लहान प्रार्थनाघरांसाठी, राखलेला असे. आम्ही खाडीच्या काठाने, रुआ दे ओरें या रस्त्याने निघालो तेव्हा भरती होती आणि पाणी कठड्याच्या दगडांना लागले होते. डाव्या हाताला पाणी आणि उजव्या हाताला टेकडी, या दोहोंच्या मध्ये घरांच्या जेमतेम दोन-तीन ओळी मावतील एवढीच जागा. येथे गल्ल्या अरुंद आहेत आणि वळणेही फार आहेत. त्यांचे चित्रांसारखे सौंदर्य पाहणारे पुष्कळ असतात, पण जागाच तेवढी होती ही साधी गोष्ट सायकलवर बसल्याशिवाय माझ्या ध्यानात आली नव्हती.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे वस्ती नव्हती, माडांची बाग होती. आंतोनियु जुआंव दे सिकैरा नावाच्या एका गृहस्थाने मोझांबिकमध्ये पैसा मिळवून येथे माड लावले आणि त्या प्रवासामुळे लोक त्याला 'मोस्मीकार' म्हणू लागले. बागेच्या जागी पुढे घरे उभी राहिली. फोंताइन्हास या नावाचा अर्थ लहान झरे. हे झरे कोठून आले, याचे उत्तर टेकडीच्या पोटात आहे.

[दृश्य : चिऱ्याच्या उघड्या भिंतीचा जवळून घेतलेला भाग. दगडातील छिद्रे, त्यांतून पाझरणारे पाणी.]

ही आल्तिनोची टेकडी जांभ्या दगडाची आहे. गोव्यात याच दगडाचे चिरे काढून घरे बांधतात. चिरा हातात घेतला तर तो तांबड्या स्पंजासारखा दिसतो. अंगभर छिद्रे आणि त्या छिद्रांत माती. पणजीत वर्षाला जवळजवळ ३ मीटर पाऊस पडतो. टेकडीवर पडणाऱ्या पावसाचा मोठा वाटा या छिद्रांतून खाली झिरपतो, खालच्या चिकण थराशी पोहोचला की अडतो, आणि आणखी खाली जायला वाट नसल्यामुळे आडवा सरकत टेकडीच्या पायथ्याशी बाहेर पडतो. फोंत फेनिश आणि बोक द व्हाक हे पणजीचे दोन जुने झरे आल्तिनोच्याच पायथ्याचे. 'बोक द व्हाक' म्हणजे गाईचे तोंड. नळ येण्यापूर्वी वस्ती कोठे करायची हे पाणी ठरवत असे, आणि येथे ते पाणी टेकडीच्या पायथ्याशी मिळत होते.

सान सेबास्तियांवच्या कपेलाजवळ आम्ही थांबलो. या कपेलातील क्रूस जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातून आलेला आहे आणि त्यावरील ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत, मान ताठ आहे. दार बंद होते, म्हणून आम्ही पायरीवर बसून पाणी पीत होतो. तेवढ्यात मागून रबरी भोंग्याचा आवाज आला.

पोदेर, म्हणजे पाववाला, हा गोव्यातील सायकलचा खरा मालक आहे. आमच्यासारखे लोक हौसेने सायकल घेतात. त्याचा दिवस मात्र तिच्यावरच सुरू होतो. कॅरिअरवर बांबूची रुंद टोपली, तिच्यावर प्लास्टिकचा निळा कागद आणि आत गरम उंडे, पोई, बांगडीसारखी कडक काकणे. पूर्वी पोदेर पायी फिरत आणि खुळखुळ वाजणाऱ्या काठीने आपली वर्दी देत. काठीची जागा पुढे भोंग्याने घेतली. आम्ही चार पोई घेतल्या. कोंड्याची ती पोई हातात धरली की आतील वाफ बोटांना लागते आणि ती मधोमध फोडली की दोन पापुद्र्यांमध्ये रिकामी खोबण निघते. भाजी जणू तिच्यात भरण्यासाठीच असते. आमच्याकडे भाजी नव्हती, म्हणून आम्ही ती तशीच खाल्ली.

पुढे मळा या वस्तीच्या दिशेने चढ सुरू होत होता. चढाच्या वीस पावले आधीच, रस्ता अजून सपाट असताना, पोदेर सायकलवरून उतरला आणि हँडल धरून चालू लागला. मित्राने त्याला कारण विचारले. "चढात उतरलो तर टोपली मागे ओढते," तो म्हणाला, "चढ लागण्याच्या आधी उतरायचे." मागच्या चाकावर एवढे ओझे असताना चढावर वेग मेला की पुढचे चाक हलके होते, हँडल डगमगते, आणि त्याच क्षणी पाय खाली टेकवावा लागला तर पाव रस्त्यावर येतात. त्याच्या मार्गातील प्रत्येक चढाची अशी एक उतरण्याची जागा त्याच्या मनात पक्की होती. मी पुढे पूर्ण दिवसभर त्याचा हा नियम मोडत राहिलो.

[दृश्य : मळ्यातील मारुतीचे देऊळ, खालून वर. मग देवळापुढून दिसणारी कौले.]

मळ्यातील मारुतीचे देऊळ टेकडीच्या उतारावर बसलेले आहे. जत्रेच्या दिवसांत खालचा रस्ता दुकानांनी भरून जातो आणि मग तेथून सायकलच काय, छत्रीसुद्धा उघडून जाता येत नाही. आम्ही गेलो तेव्हा देवळात दोन-चारच माणसे होती. देवळापुढे उभे राहिले की खाली मळ्याची कौले, त्यापलीकडे खाडी आणि खाडीपलीकडे पाटोच्या नव्या इमारती अशा तीन पायऱ्या दिसतात. या देवळातून पाहिल्यावर मित्र म्हणाला, "तुमचे शहर नकाशात आडवे आहे आणि प्रत्यक्षात उभे आहे." मला हे बारा वर्षांत सुचले नव्हते, याचे थोडे वाईट वाटले.

आल्तिनो या शब्दाचे मूळ पोर्तुगीज 'आल्तो' म्हणजे उंच. आल्तिनो म्हणजे छोटी उंची. छोटी हे विशेषण ज्याने लावले तो पालखीतून वर गेला असावा. अर्ध्या चढात माझ्या सायकलची चेन पडली. उभे राहून पॅडल मारताना सगळे वजन एका पायावर पडले, चेन कचकन सुटली आणि पाय रिकामा फिरला. सायकल आडवी करून, एका काडीने चेन मागच्या दात्यांवर चढवून, हाताने पॅडल उलटे फिरवले तेव्हा ती बसली. बोटे काळी झाली. तोवर मित्र पहिल्या गिअरमध्ये सावकाश, पायांची भिंगरी करत वर निघून गेला होता. गिअर चढ कमी करत नाही, तो चढाचे लहान लहान हप्ते पाडून देतो. माझ्या सायकलला सगळी रक्कम एकदम भरावी लागत होती.

वर पोहोचल्यावर प्रथम जाणवते ती शांतता. खाली बाजार, बसस्थानक, कॅसिनोंच्या बोटी; वर मोठी झाडे आणि लांब कुंपणे. आर्चबिशपचा वाडा येथे आहे, आकाशवाणीचे पणजी केंद्र येथे आहे, जुन्या लिसेवची, म्हणजे पोर्तुगीज काळातील विद्यालयाची, इमारत येथे आहे आणि याच इमारतींच्या परिसरात मुंबई उच्च न्यायालयाचे गोवा खंडपीठ २०२१ मध्ये पर्वरीला जाईपर्यंत चालत होते. धर्म, न्याय, विद्या आणि वाणी असे सगळे टेकडीवर चढून बसले, आणि पाणी, पाव, मीठ, मासळी खाली राहिली. वर राहणाऱ्याला वारा मिळतो, खाली राहणाऱ्याला झरा मिळतो. हा व्यवहार कोणी कागदावर लिहून ठेवला नसेल, पण चढताना तो पायांना कळतो.

उतार आम्ही चर्चच्या बाजूने घेतला. उताराचे वर्णन करण्यासारखे फारसे नसते, कारण तो फार लवकर संपतो. ब्रेक मात्र आम्ही पूर्ण वेळ दाबून धरले होते आणि शेवटच्या वळणावर रबर जळाल्याचा वास आला.

[दृश्य : पांढऱ्या जिन्यांची नागमोड, वर घंटा.]

अवर लेडी ऑफ द इमॅक्युलेट कन्सेप्शनच्या चर्चने टेकडीचा चढ आपल्या जिन्यांत सामावून घेतला आहे. १५४१ मध्ये येथे लहान कपेल होते आणि १६१९ मध्ये त्या जागी आजचे चर्च बांधले गेले. लिस्बनहून महिनोन्महिने प्रवास करून आलेले खलाशी मांडवीत शिरल्यावर येथे येऊन आभार मानत. वरची प्रचंड घंटा जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाची. तो मठ ओस पडल्यावर ती आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ मध्ये येथे आली. चर्चजवळून फोंताइन्हासकडे जाणाऱ्या रस्त्याचे जुने नाव कोर्त दे ओतेर, म्हणजे टेकडीचा काप. टेकडीचे पोट कापून हा रस्ता काढला, हे त्याचे नावच सांगते.

मग सपाट पणजी कोठून आली? तीही केलेली आहे. १८२७ ते १८३५ या काळात गव्हर्नर असलेल्या दों मानुएल दे पुर्तुगाल ई काश्त्रू यांच्या कारकिर्दीत वाळूच्या टेकड्या सपाट केल्या गेल्या, दलदल भरली गेली आणि सरळ रस्ते आखले गेले. १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. रोगराईने जुने गोवे ओस पडत गेले, त्यामुळे व्हाइसरॉय आधीच, १७५९ मध्ये, नदीकाठच्या आदिलशहाच्या वाड्यात येऊन राहिले होते. याच वाड्यात पुढे २००० सालापर्यंत गोव्याची विधानसभा भरत असे. आज जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की '१८ जून' नावाच्या रस्त्यावर पाणी साचते. भरलेली दलदल आपली जागा विसरलेली नाही.

कांपाल आणि मिरामारचा रस्ता सपाट आहे, सुंदर आहे आणि सगळ्यांनी पाहिलेला आहे. दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेजवळचा चढ आम्ही चालत चढलो. या वेळी आधीच उतरलो.

संध्याकाळी आम्ही रायबंदरकडे गेलो, आणि एकाच रस्त्यासाठी सायकल घ्यायची असेल तर ती या रस्त्यासाठी घ्यावी, असे माझे मत आहे. पणजी आणि रायबंदर यांच्यामध्ये दलदल होती. कोंद दे लिन्हारिश या व्हाइसरॉयने १६३३-३४ मध्ये तिच्यातून सुमारे ३ किलोमीटरचा बांधरस्ता घातला. एका बाजूला मांडवी वाहते. दुसऱ्या बाजूला पूर्वी मिठागरे होती, आता खारफुटी माजली आहे. रस्त्याच्या पोटात कमानी ठेवलेल्या आहेत, म्हणजे भरतीचे पाणी आत जाते आणि ओहोटीला परत येते. रस्ता पाण्याला अडवत नाही, फक्त त्याच्यावरून जातो. जवळजवळ चारशे वर्षे तो टिकला. स्कूटरवरून या कमानी दिसत नाहीत. सायकल कठड्याला लावून वाकून पाहिले तेव्हा ओहोटीचे पाणी चिऱ्यांना घासत नदीकडे निघाले होते आणि चिखलावर लहान खेकडे आपापल्या बिळांच्या तोंडाशी येऊन बसले होते. आमची सावली पडताच सगळे एकदम आत गेले. आम्ही हललो नाही. मिनिटभराने एक बाहेर आला, मग दुसरा.

पुढे रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणला फेरीबोट जात होती. पलीकडच्या बेटाच्या टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. आम्हाला मात्र सायकली सातच्या आत परत करायच्या होत्या.

[दृश्य : दुकान. उलटी करून ठेवलेली सायकल, हाताने फिरणारे चाक.]

मालकाने माझी सायकल उलटी केली, मागचे चाक फिरवले आणि ब्रेक दाबला. मग बोटाने रबराची जाडी चाचपून पाहिली. सकाळी बोटाच्या पेराएवढे असलेले रबर एका बाजूने तिरके झिजले होते.

"आल्तिनोवरून उतरलात," तो म्हणाला.

आम्ही हो म्हणालो.

"आणि चेन चढताना पडली."

माझी बोटे अजून काळी होती. ती मी खिशात घातली, आणि त्याने काही न बोलता खणातून रबराची नवी जोडी काढली.