तिघऱ्याची बोट, तीन काटे आणि एक काळी वायर

नमस्कार मंडळी. आपल्या सेक्रेटरी काकांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, अहो माझं दौलतगंजात मोटर वाइंडिंगचं दुकान, पंखे आणि पाण्याचे पंप भरतो मी, मी कसलं व्याख्यान देणार, पण ते म्हणाले तू ते बोटीचं जे केलंस ना, तेच सांग. तर तेच सांगतो, आणि मध्ये कुणाला झोप आली तर चहा मागे ठेवलाय.

झालं असं की माझा आत्तेभाऊ ग्वाल्हेरजवळच्या तिघऱ्याच्या धरणावर बोटिंगचं काम करतो, त्याने एक जुनी फायबरची बोट घेतली, मागे टांगलेली 40 हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर. मोटर चालत होती बरं का, पण डॅशबोर्डवर तीन भोकं आणि त्यांतून लोंबणाऱ्या वायरी. म्हणाला दादा, आरपीएम, व्होल्ट आणि पेट्रोल, तीन मीटर लावून दे, तुझ्यासाठी काय, अर्ध्या तासाचं काम. गेले चार रविवार!

पहिली चूक सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. आपल्याला गाडीची सवय असते, गाडीत बॉडी म्हणजेच अर्थ, एक वायर मीटरला नेली की परतीचा रस्ता पत्र्यातून आपोआप मिळतो. फायबरच्या बोटीला पत्राच नाही! तिथे प्रत्येक मीटरची, प्रत्येक सेंडरची (म्हणजे टाकीत किंवा इंजिनात बसून मीटरला माप कळवणारा तो भाग) काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्यावीच लागते, आणि मी पहिल्या रविवारी व्होल्टमीटरची अर्थ डॅशच्या स्क्रूला बांधून बसलो होतो आणि विचार करत होतो की काटा हलत का नाही. तीस वर्षं झाली या धंद्यात, कुणाला सांगू नका.

बाकी रंग लक्षात ठेवा. बऱ्याच अमेरिकन मोटरींत जांभळी वायर म्हणजे किल्ली लावल्यावर येणारा 12 व्होल्टचा सप्लाय, राखाडी टॅकोमीटरची म्हणजे आरपीएमच्या मीटरची, काळी अर्थ, टॅन म्हणजे तपकिरीसारखी फिकट ती तापमानाची, गुलाबी पेट्रोलच्या सेंडरची. पण मोटर जुनी आणि मधल्या काळात तीन मिस्त्रींच्या हातून गेलेली असली तर रंगावर भरवसा ठेवू नका, मल्टिमीटर लावून प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते बघा. आमच्या बोटीत राखाडीच्या जागी घरातल्या बेलची पांढरी वायर होती.

आता टॅको, कारण खरी गंमत इथे आहे. लोकांना वाटतं टॅको इंजिनाचे फेरे मोजतो. तो फेरे मोजतच नाही. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक, त्याच्या आत चुंबकं असतात, त्यांच्याखाली स्टेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या कॉइल, फ्लायव्हील फिरलं की कॉइलमध्ये एसी तयार होतो, आणि टॅको त्या एसीचे ठोके मोजतो. आमच्या मोटरीला 12 पोल, मी फ्लायव्हील काढून मोजलेत, दोन पोलांना एक ठोका, म्हणजे एका फेऱ्याला 6 ठोके. मीटरच्या मागे एक छोटा सिलेक्टर असतो, 4, 5, 6 असं लिहिलेला, तो 6 वर हवा.

मी आधी काय केलं, घरात एक कारचा टॅको पडला होता तो लावला, जुगाड. चार सिलिंडरच्या कारचा टॅको एका फेऱ्याला 2 ठोके धरतो. अंगणात 200 लिटरचा ड्रम भरून मोटरीचं खालचं अंग त्यात बुडवलं, कोरडी कधीच चालवू नका, आत थंड करायचं पाणी खेचणारा रबराचा इम्पेलर असतो तो लगेच जळतो, आणि स्टार्ट केली. काटा 2400 वर! आत्तेभाऊ ओरडला अरे बंद कर फाटेल. मी दुकानातला तो हातात धरायचा डिजिटल टॅको आणला, फ्लायव्हीलवर चमकत्या टेपचा तुकडा चिकटवला, उजेड मारला तर खरे फेरे 800. बरोबर तिप्पट. 6 भागिले 2. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

राखाडी वायर रेक्टिफायरच्या आधी जोडायची, कारण रेक्टिफायरनंतर डीसी होतो, आणि मोजायला नीट ठोकेच राहत नाहीत. म्हणूनच चालता चालता टॅको मेला तर टॅको फेकू नका, आधी रेक्टिफायर बघा. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढली किंवा बॅटरी उलटी जोडली की तो जातो, आणि सगळ्यात आधी कळतं ते टॅकोवरून.

व्होल्टमीटर सोपा, जांभळीला आणि काळीला जोडा, झालं. बंद इंजिनावर भरलेली बॅटरी साधारण 12.6 दाखवते, चालू झाल्यावर 13.8 ते 14.4. फार जुन्या मोटरींत व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटरच नसतो, फुल रेसवर काटा 15 च्या वर गेला तर घाबरू नका, पण बॅटरीचं पाणी तपासत राहा.

पेट्रोल मीटरने मात्र पार डोकं फिरवलं. टाकी काठोकाठ आणि काटा अर्ध्यावर. आत्तेभावाने न विचारता नवा सेंडर आणून बसवला, तरी अर्ध्यावरच. आता बघा, अमेरिकन पद्धतीचा सेंडर टाकी रिकामी असताना 240 ओहम देतो आणि भरल्यावर 33, आणि अर्ध्याला साधारण 103. युरोपियन उलटा, रिकामी 10 आणि भरलेली 180, त्यामुळे मीटर आणि सेंडर एकाच पद्धतीचे घ्या. मीटरच्या मागे आय, जी, एस असे तीन स्क्रू, आय सप्लायचा, जी अर्थचा, एस सेंडरचा, एस वरची वायर काढली, किल्ली लावली, काटा रिकाम्यावर गेला, एस आणि जी जोडले, काटा फुल, म्हणजे मीटर ठीक. ही टेस्ट मीटरपाशीच करा, टाकीपाशी नाही, तिथे पेट्रोलची वाफ असते आणि एक ठिणगी पुरे. मग सेंडरची काळी वायर मोजली. साठ-सत्तर ओहम! टाकीच्या बोल्टखाली गंजलेला लग, म्हणजे वायरच्या टोकाची ती धातूची कडी. 33 आणि 70 मिळून 103, काटा बिचारा बरोबर बोलत होता. लग कापला, कानशीने बोल्ट घासला, नवा लग क्रिम्प केला म्हणजे पकडीने दाबून बसवला, काटा फुल.

तिघऱ्याच्या धरणाला विश्वेश्वरय्यांचे ते आपोआप उघडणारे दरवाजे, पाणी चढलं की पाण्याच्याच जोरावर उघडायचे, ना वायर ना लग. तिकडे बघत मी चौथ्या रविवारी हे घासत बसलो होतो.

वायर कोणती विचाराल. कलई केलेल्या तांब्याची घ्या, 1.5 स्क्वेअर एमएम, घरातली साधी वायर आतून काळी पडते. जांभळीवर 5 अँपिअरचा फ्यूज. लग क्रिम्प करा, वर गोंदाची हीट-श्रिंक नळी. नुसतं सोल्डर नको, सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि मोटरीच्या थरथरीने तिथेच तुटते.

मागून कोणीतरी विचारलंय, कारचा टेंपरेचर मीटर चालेल का. सेंडर त्याच मीटरचा असेल आणि त्याचा आटा मोटरीच्या भोकात बसत असेल तरच. त्यापेक्षा मी म्हणेन पाण्याचा प्रेशर मीटर लावा, त्याला सिग्नलची वायरच नाही, एक बारीक नायलॉनची नळी इंजिनपासून मीटरपर्यंत. इम्पेलर गेला की तापमान चढायच्या आधी हा खाली येतो. आमच्या डॅशवर चौथं भोक पाडायचं बाकी आहे, होल-सॉ कुणाकडे असेल तर चहाच्या वेळी सांगा.