आधी पास, मग पैसे

(दृश्य: फोनचा पडदा. चॅट वर सरकते आहे. समोरच्याचं नाव पुसट केलेलं.)

"गॅरंटीड पास. अभ्यासाची कटकट नाही. आधी निकाल, मग पैसे."

परीक्षेची तारीख मिळाली, एवढंच तिने एका ग्रुपवर लिहिलं होतं. तासाभरात हा निरोप आला. ती सहा वर्षं कंपनीची फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरची राखण, सांभाळते आणि आता सीआयएसएसपी ही माहिती-सुरक्षेतल्या प्रमाणपत्राची परीक्षा देते आहे. चॅट दाखवायला तयार झाली, पण चेहरा नको म्हणाली. म्हणून आपल्याला फक्त तिचा अंगठा दिसतो आहे.

अंगठा पहिल्यांदा थांबतो तो एका पीडीएफवर. या बाजारात तिला डम्प म्हणतात. परीक्षेला बसलेल्यांनी पाठ करून किंवा चोरून बाहेर आणलेले प्रश्न. सराव प्रश्न वेगळे. ते अभ्यासक्रम समोर ठेवून कोणीतरी नव्याने लिहिलेले असतात. डम्पवाला मात्र छातीठोक सांगतो, "हेच येणार."

येतं का? सीआयएसएसपीची इंग्रजी परीक्षा 3 तासांची, किमान 100 आणि जास्तीत जास्त 150 प्रश्नांची. प्रत्येक उत्तरानंतर संगणक उमेदवाराच्या क्षमतेचा अंदाज नव्याने घेतो आणि त्यावरून पुढचा प्रश्न निवडतो. शेजारच्याला आलेला पेपर तुम्हाला येत नाही. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. त्यातल्या 25 प्रश्नांना तर गुणच नसतात. ते पुढच्या परीक्षांसाठी पारखून घेतले जात असतात, आणि ते कोणते हे उमेदवाराला कळत नाही. डम्पमधली उत्तरं बऱ्याचदा चुकीची असतात, ते आणखी वेगळंच.

(दृश्य: दोन लॅपटॉप शेजारी शेजारी. एकावर माउसचा बाण आपोआप हलतो आहे.)

हे आम्ही आमच्याच दोन लॅपटॉपवर करून दाखवतो आहोत. बाण हलतो आहे, पण माउसला कोणाचा हात नाही. घरून देता येणाऱ्या परीक्षांसाठी चॅटवाल्यांचा हा दुसरा माल: प्रॉक्सी. उमेदवाराने कॅमेऱ्यासमोर विचारात पडल्यासारखं बसायचं, उत्तरं दुसरा कोणी देणार.

त्यासाठी तो काय काय मागतो, ते पडद्यावर नीट वाचा. परीक्षेच्या खात्याचं नाव आणि पासवर्ड. ओळखपत्राचा दोन्ही बाजूंचा फोटो. अँटीव्हायरस बंद. आणि त्याने पाठवलेलं रिमोटचं सॉफ्टवेअर सुरू. कंपनीतल्या कोणी अनोळखी माणसाला एवढं देऊन टाकलं असतं, तर त्याचं खातं सगळ्यांत आधी हिनेच बंद केलं असतं. सुरक्षेची परीक्षा पास व्हायची, तर सुरक्षेचा पहिला धडा मोडून! हे सांगताना ती हसली होती; हसणं आवाजात आहे, म्हणून ठेवलं.

आता "आधी निकाल, मग पैसे". ऐकायला उमेदवाराच्या सोयीचं वाटतं. पण निकाल लागतो तेव्हा समोरच्याकडे पासवर्ड असतो, ओळखपत्र असतं, चॅट असते, कधी कधी पडद्याचं रेकॉर्डिंगही. ठरलेली रक्कम वाढते. नाही दिली, तर सगळं परीक्षा घेणाऱ्या संस्थेला आणि तुमच्या साहेबांना पाठवतो म्हणून धमकी. एकदा दिली, की पुन्हा मागणी. तक्रार तरी कुठल्या तोंडाने करायची? तिचं पहिलंच वाक्य स्वतःच्या कबुलीजबाबाचं.

संस्थांनाही हे कळतं. अवघड प्रश्न चार सेकंदांत बरोबर आणि साधा प्रश्न चूक, दोन अनोळखी उमेदवारांच्या चुका हुबेहूब सारख्या, अशा खुणा तपासल्या जातात. सापडलं तर निकाल रद्द, प्रमाणपत्र परत, पुढे परीक्षेला बंदी. पुढे जाऊ.

(दृश्य: वही. हाताने आखलेले रकाने. रात्रीचा दिवा.)

ही तिची चुकांची वही. आमच्याकडे सगळ्यांत जास्त फुटेज हिचंच आहे, आणि कापवत नाही. सराव प्रश्न चुकला की बरोबर उत्तर ती लिहीत नाही. कोणत्या शब्दाने फसवलं, ते लिहिते. "सर्वांत आधी काय कराल" आणि "सर्वांत योग्य काय", या दोहोंत ती तब्बल अकरा वेळा अडकली आहे. तांत्रिक माणूस आधी यंत्राकडे धावतो. या परीक्षेला आधी जोखमीचा विचार हवा असतो. पान उलटा. इथे खाडाखोड कमी झाली आहे.

चॅटचे स्क्रीनशॉट तिने संस्थेकडे पाठवले आणि तो नंबर ब्लॉक केला. त्या दिवशी आम्ही तिथे नव्हतो.

(दृश्य: परीक्षा केंद्राचा दरवाजा. टेबल. लॉकर.)

दोन ओळखपत्रं. नाव नोंदणीतल्या नावाशी जुळायला हवं. तळहाताच्या शिरांचा स्कॅन. खिसे उलटे करून दाखवायचे. आत पडद्यावर पहिला येतो तो प्रश्न नव्हे, करार: इथले प्रश्न बाहेर कोणाला सांगणार नाही. मान्य करायला 5 मिनिटं. नाही केला, तर परीक्षा तिथेच संपते आणि फीही जाते.

फोन लॉकरमध्ये. घड्याळ लॉकरमध्ये. किल्ली तिच्या हातात.

कॅमेऱ्याला इथपर्यंतच परवानगी आहे.