जहाज बंदराला लागते तेव्हा: लहान मुलांसह किनाऱ्यावरचा दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

मराठी कुटुंबांच्या सहलींमध्ये अलीकडे क्रूझची भर पडली आहे. कोणी मुंबईहून जहाजाने गोवा, कोची किंवा लक्षद्वीपला जाते, तर कोणी विमानाने सिंगापूर गाठून तेथून जहाजाने मलेशियातले पिनांग आणि थायलंडमधले फुकेत करून परत येते. या सहलींत आजी-आजोबांसह तिन्ही पिढ्या असतात आणि सर्वांत धाकटा प्रवासी दीड-दोन वर्षांचा, फार तर चार-पाच वर्षांचा असतो. जहाज बंदराला लागले की या धाकट्या प्रवाशाला घेऊन किनाऱ्यावर काय करावे, एवढ्यापुरतेच आज बोलायचे आहे.

कार्यक्रमपत्रिकेत ‘सकाळी नऊ ते सायंकाळी पाच’ असे छापलेले असते आणि आपण आठ तास हाती आहेत असे धरून चालतो. प्रत्यक्षात जहाज धक्क्याला लागल्यावर स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळेपर्यंत कोणालाही उतरता येत नाही. मग गँगवेवर, म्हणजे जहाजातून उतरण्याच्या पुलावर, रांग लागते, आणि परतताना जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी आत यावे लागते. त्यातून दुपारचे जेवण आणि मुलाची झोप वजा केली, तर तीन-साडेतीन तास उरतात. एवढ्या वेळात एकच ठिकाण होते. ज्यांना हे पटत नाही, ते सकाळी किल्ला, दुपारी मंदिर आणि संध्याकाळी बाजार असा बेत करतात आणि मंदिराच्या पायरीवर रडणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन उभे राहतात. म्हणून आधी मुलाच्या झोपेची वेळ कागदावर लिहावी, तिच्या अलीकडे किंवा पलीकडे तीन तासांचा तुकडा काढावा, आणि त्यात बसेल असे, बंदरापासून अर्ध्या तासाच्या आत असलेले ठिकाण शोधावे. प्रसिद्ध स्थळांची यादी त्यानंतर उघडली तरी चालते.

दुसरा विचार पाण्याचा. बहुतेक मोठ्या जहाजांवर डायपर घालणाऱ्या मुलांना पोहण्याच्या तलावात उतरू देत नाहीत, मग तो डायपर खास पाण्यातला असला तरी. मुलांच्या खेळघरातही साधारणपणे तीन वर्षे पूर्ण झालेली आणि डायपर सुटलेली मुलेच घेतात. म्हणजे जहाजावरच्या ज्या सोयी पाहून आपण पैसे भरले, त्या दोन वर्षांच्या मुलाच्या वाट्याला येतच नाहीत. त्याला पाण्यात आणि वाळूत मनसोक्त खेळता येते ते किनाऱ्यावरच. पाच वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याला जहाजावर तलाव मिळतो, त्यामुळे बंदरावर त्याला काहीतरी पाहण्याजोगे दाखवता येते.

गोव्याचेच पाहा. मुंबईहून निघालेले जहाज मुरगाव बंदरात, म्हणजे वास्कोला लागते. गोवा म्हटले की आपल्याला पणजी आणि जुने गोवे आठवते. ते येथून तीसएक किलोमीटर दूर आहे आणि जाता-येता मुलाची झोप गाडीतच संपते. त्याऐवजी दाबोळी विमानतळाच्या पलीकडचा बोगमाळोचा किनारा धरावा. तो लहानसा आहे आणि त्याच्या वाटेवरच नौदलाचे विमान संग्रहालय आहे. तेथे जुनी विमाने आणि हेलिकॉप्टरे उघड्यावर उभी आहेत. चार वर्षांच्या मुलाला सी हॅरियर या लढाऊ विमानाचा इतिहास सांगण्याची गरज पडत नाही. चाके, पंखे आणि एवढ्या मोठ्या विमानाच्या पोटाखालची सावली त्याला पुरते. सोमवारी मात्र हे संग्रहालय बंद असते.

आता पिनांग. लहान मुले घेऊन उतरण्यासाठी याहून सोयीचे बंदर मला ठाऊक नाही, कारण जहाज स्वेटनहॅम धक्क्याला लागते आणि हा धक्का थेट जॉर्जटाउन या जुन्या शहराच्या कडेलाच आहे. दरवाजातून बाहेर पडले की समोर राणी व्हिक्टोरियाच्या नावाचा घड्याळी मनोरा दिसतो. तिच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून तो साठ फूट उंच बांधला, ही माहिती आजोबांसाठी. त्याच्या शेजारी फोर्ट कॉर्नवॉलिस आहे. पिनांगला इंग्रजांची वसाहत वसवणारा फ्रान्सिस लाइट १७८६ मध्ये जेथे उतरला तीच ही जागा. किल्ल्यात १६०३ सालची एक डच तोफ आहे, तिच्यापाशी मुले रमतात. परंतु त्यांच्या दृष्टीने खरी मौज किल्ल्याला लागून असलेल्या पाडांग नावाच्या मोकळ्या मैदानात आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला पांढऱ्याशुभ्र जुन्या इमारती आणि मध्ये धावायला गवत. दोन दिवस बंद दालनांतून फिरलेल्या मुलाला बाकी काहीच नको असते. काही जहाजे पिनांगला दुपारी लागून रात्री सुटतात. तसे असेल तर मुलाला केबिनमध्येच झोपवून, ऊन कलल्यावर चारच्या पुढे उतरावे.

जॉर्जटाउनला २००८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण या वारशाच्या गल्ल्या बाबागाडीला मानवत नाहीत. जुन्या दुकानांसमोर ‘पाच फुटी’ म्हणून ओळखली जाणारी छपराखालची पायवाट असते; ती उन्हापावसात उत्तम, परंतु दर दुकानागणिक तिची पातळी बदलते आणि मध्येच कोणी तरी मोटरसायकल लावलेली असते. प्रत्येक पायरीला बाबागाडी उचलून आई-वडील घामाघूम होतात. म्हणून येथे मुलाला अंगावर बांधून घेण्याची झोळी बरी. पाय दुखले तर जुन्या शहरातून फिरणारी कॅट नावाची मोफत बस आहे. आर्मेनियन स्ट्रीटवर एर्नेस्ट झाखारेविच या चित्रकाराने २०१२ मध्ये भिंतीवर रंगवलेली सायकलस्वार भावंडे आहेत. मुले चित्रातली, सायकल मात्र खरी, भिंतीला ठोकलेली. लहान मुलांना हे फार आवडते, पण फोटोसाठीची रांग उन्हात असते, तेव्हा एकाने रांगेत उभे राहावे आणि बाकीच्यांनी सावलीत थांबावे. जवळच लिटल इंडिया आहे. तेथे इडली आणि दहीभात मिळतो, आणि परदेशात तिसऱ्या दिवशी दहीभात दिसल्यावर मुलापेक्षा आजीलाच अधिक आनंद होतो.

पिनांग हिलची तारेने ओढली जाणारी रेल्वे मोहात पाडते. ती १९२३ पासून चालू आहे आणि मुलांना ती आवडणार यात शंका नाही. चढायला काही मिनिटेच लागतात, परंतु वर जाताना आणि खाली येतानाही गर्दीच्या दिवशी मोठी रांग असते. खाली यायची रांग आपल्या हाती नसते आणि जहाजाची वेळ तर मुळीच नसते. तीन वर्षांखालचे मूल असेल तर मी हा बेत सोडून देईन.

फुकेतचे गणित याच्या उलट आहे. अनेक मोठी जहाजे पातोंगच्या उपसागरात नांगर टाकतात आणि प्रवाशांना टेंडर नावाच्या लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. यासाठी आधी क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी लागते. मग पायऱ्या उतरून हलत्या बोटीत पाऊल टाकायचे. बाबागाडी घडी करून द्यावी लागते, मूल कडेवर असते, पिशवी दुसऱ्याच्या हातात. म्हणून प्रत्येक मुलामागे एक मोकळ्या हातांचा मोठा माणूस असावा. मे ते ऑक्टोबर या पावसाळी वाऱ्याच्या महिन्यांत लाटा मोठ्या असतात, कधी टेंडर थांबतात, आणि किनाऱ्यावर धोक्याचा लाल बावटा असला तर घोटाभर पाण्यातही मुलाला सोडू नये. पातोंगला उतरलेल्या कुटुंबाने पातोंगच्याच वाळूत सकाळ घालवावी हे उत्तम. फुकेतहून फी फी बेटांना जाणारी वेगवान बोट लाटांवर आपटत जाते; तान्ह्या आणि लहान मुलांच्या मानेला व पाठीला ते सोसत नाही. जहाज पातोंगऐवजी आओ माखामच्या खोल पाण्याच्या बंदरात लागले, तर पानवा भूशिरावरचे मत्स्यालय तेथून जवळ आहे आणि ते छपराखाली आहे.

फुकेतमध्ये एक सापळा घड्याळाचा. थायलंडची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. जहाजाने आपली घड्याळे सिंगापूरच्याच वेळेवर ठेवली असतील, तर किनाऱ्यावर उतरताच मोबाइल आपोआप एक तास मागे जातो, आणि फोनवर चार वाजले असताना जहाजावर पाच वाजलेले असतात. मनगटावर साधे घड्याळ बांधून ते जहाजाच्या वेळेला लावून ठेवावे.

जहाजाकडूनच सहल घ्यावी की बाहेर टॅक्सी ठरवावी, हा नेहमीचा प्रश्न. जहाजाची सहल उशिरा परतली तर जहाज सहसा थांबते, बाहेरच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. पण जहाजाच्या बसमध्ये चाळीस माणसे असतात आणि आपल्या मुलाला शी लागली म्हणून ती वळत नाही. ठिकाण जवळ असेल तर टॅक्सी, लांब असेल तर जहाजाची सहल, असे मी सुचवेन. आणि लहान मूल असताना लांब जाऊच नये, हे आधीच सांगितले आहे.

पिशवीत पाणी, टोपी, जादा कपड्यांचे दोन जोड, ओआरएस आणि वेष्टनबंद खाऊ असू द्यावा. जहाजावरची फळे किंवा शिजवलेले अन्न बहुतेक बंदरांवर बाहेर नेऊ देत नाहीत. घरून आणलेली राजगिऱ्याच्या चिक्कीची बंद पाकिटे कामी येतात. सिंगापूरहून निघणाऱ्यांनी आपला व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा आहे ना, हे घरीच पाहावे, कारण जहाज परत येते तेव्हा आपण सिंगापूरमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश करत असतो.

आणि एखाद्या बंदरावर मूल कुरकुरत असेल, तर त्याला घेऊन आजी-आजोबांनी जहाजावरच राहायलाही हरकत नाही. सगळे उतरलेले असल्याने त्या दिवशी जहाज शांत असते, जेवणाच्या दालनात रांग नसते आणि मुलाची झोप वेळेवर होते. उतरणाऱ्यांनी जहाजाच्या रोजच्या पत्रिकेवर छापलेला बंदरातील प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक सोबत ठेवावा, आणि मागे राहणाऱ्यांकडे मुलाची औषधे व पारपत्राची प्रत देऊन जावे.

नमस्कार.